शाल, श्रीफळ आणि नोटीस पगार

"धुरी, हे पत्र घे. आणि शुक्रवारी संध्याकाळी मोकळा राहा," रेगेसाहेब म्हणाले.

मी पत्र उभ्याउभ्याच वाचलं. इंग्रजीत होतं, पण अकरा वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढल्यावर माणसाला एवढं इंग्रजी येतं. गंभीर गैरवर्तनाबद्दल मला आजपासून कामावरून कमी केलं होतं, आणि गैरवर्तन असल्यामुळे नोटीस पगार मिळणार नव्हता. खाली साहेबांची नेहमीची झोकदार सही होती.

"साहेब, हे मला काढून टाकल्याचं पत्र आहे."

"हो."

"मग शुक्रवारी काय आहे?"

"तुझा निरोप समारंभ. मंडळाच्या हॉलमध्ये. श्रीखंड आहे, हिने आत्ताच चक्का टांगलाय."

बाहेरच्या उन्हाने माझंच डोकं फिरलं असावं असं मला वाटलं. "साहेब, गैरवर्तन केलं म्हणून ज्याला हाकलला, त्याचा सत्कार?"

साहेब मनापासून दुखावले. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "धुरी, ते ऑफिसातलं. हे वेगळं. अकरा वर्षं जो माणूस आपल्यात राहिला त्याला मी तसाच जाऊ देऊ? लोक काय म्हणतील?"

ही गोष्ट आखातातल्या एका बंदराच्या शहरातली. देशाचं नाव सांगत नाही, कारण साहेबांचे चिरंजीव अजून तिथंच धंदा करतात. साहेबांची कंपनी मजुरांच्या कॅम्पांना जेवण पुरवायची, आणि त्या जेवणाचं सगळं सामान माझ्या ताब्यात असायचं. साहेब हाताचे चिकट आणि जिभेचे उदार. पगारवाढ मागितली की त्यांना दमा लागायचा, पण माइक दिसला की दमा पळायचा. महाराष्ट्र मंडळाचे ते तहहयात अध्यक्ष होते. कुणाचं बारसं असो, बदली असो की शोकसभा असो, साहेब 'दोन शब्द' बोलायला उठले की बायका पोळ्यांचं पीठ पुन्हा झाकून ठेवायच्या.

आता माझं गैरवर्तन सांगतो. गणपतीच्या आठवड्यात शहरात औषधालाही नारळ मिळेना. मंडळाला मोदकांसाठी आणि तोरणासाठी नारळ हवे होते. साहेब फोनवर ओरडले, "काय वाट्टेल ते कर, पण नारळ आण!" बंदरावर नारळांचा एक अख्खा कंटेनर बेवारशी पडला होता. मागवणारा व्यापारी बुडाला होता आणि बंदरवाले तो कंटेनर मातीमोल भावात लिलावात काढत होते. मी तो घेतला. बाप्पाचे मोदक झाले, तोरण झालं, आणि मग उरलेल्या नारळांनी कॅम्पावर राज्य केलं. डाळीत नारळ, भाजीत नारळ, पुलावात नारळ. पठाण मजूर ताट बघूनच नमाजाला निघून जायचे. पण भाजीचा खर्च निम्म्यावर आला, तेव्हा साहेबांनी माझी पाठ थोपटली होती. तीन महिन्यांनी साहेबांच्या भाच्याचा, शिरीषचा व्हिसा आला, आणि स्टोअरकीपरची एकच खुर्ची होती. मग तोच कंटेनर 'मालकाच्या परवानगीशिवाय केलेली प्रचंड खरेदी' झाला. गरज सरो, वैद्य मरो.

माझ्या करारात दोन महिन्यांची नोटीस होती. त्या दोन पगारांवर माझं सगळं अडलेलं होतं. कुडाळला एस. टी. स्टँडसमोरच्या गाळ्याचा इसार सुनंदाने, माझ्या बायकोने, पाटल्या मोडून दिला होता. उरलेली रक्कम संक्रांतीपर्यंत भरली नाही तर इसारही बुडणार होता आणि गाळाही जाणार होता. शिवाय कागदावर 'गैरवर्तन' लागलं की आखातात दुसरी नोकरी विसरायची. मी सुनंदाला फोनवर काहीच सांगितलं नाही. "सगळं ठीक आहे," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसलो.

शुक्रवारी मी समारंभाला गेलो. का गेलो, असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. बोलावलं होतं म्हणून गेलो.

हॉलमध्ये फुलांची कमान होती. व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेऊन परकारभाई उभे होते. हे आमच्याच कंपनीचे; व्हिसा, परवाने, सरकारी कचेऱ्या सगळं तेच बघायचे. चिपळूणकडचे, वयाने साठीला टेकलेले, अरबी पाण्यासारखं बोलायचे. साहेबांचा उजवा हात म्हणूनच सगळे त्यांना ओळखत. त्यामुळे माझं पत्रही त्यांनीच फाइलला लावलं असणार, हे मी धरून चाललो होतो.

वहिनींनी मला ओवाळलं. साहेबांनी शाल पांघरली आणि हातात नारळ दिला. मराठीत नोकरीवरून काढण्याला नारळ देणं म्हणतात. माझ्या बाबतीत त्यात काही कसर राहिली नाही. नारळ मी हातात घेताच ओळखला, माझ्याच कंटेनरमधला होता. मग साहेब माइकपाशी गेले.

काय बोलले साहेब! माझ्या सख्ख्या आईने माझं एवढं कौतुक केलं नसेल. मला टायफॉइड झालेला असताना मी स्टोअरची किल्ली उशाखाली घेऊन झोपलो होतो, हे त्यांना आठवत होतं. वादळात रस्ते बंद झाले तेव्हा मी पिठाची पोती खांद्यावरून आणली, हे त्यांनी सांगितलं. मला वाटायचं, ते कुणी पाहिलंच नाही. सांगता सांगता साहेबांचा आवाज कापला. आणि ज्या माणसाने त्याच आठवड्यात मला रस्त्यावर आणलं होतं, त्याचं भाषण ऐकून मी ढसाढसा रडलो. मला माझीच लाज वाटत होती, पण रडू थांबेना.

परकारभाई कॅमेरा घेऊन अगदी जवळ आले. "रड रे, बिनधास्त रड," ते हळूच म्हणाले. "कॅमेरा चालू हाय."

मला त्यांचा असा राग आला की विचारू नका.

निघताना साहेबांनी समारंभाची कॅसेट भेट दिली. "घरी दाखव. मुलांना कळू दे, बाप काय होता ते." कंपनीची खोली तर त्याच दिवशी सोडायची होती. कपड्यांच्या बॅगेत शाल, नारळ आणि कॅसेट कोंबून मी कॅम्पातल्या एका मल्याळी आचाऱ्याच्या खोलीवर गेलो. त्याने पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"कामगार खात्यात जा," तो म्हणाला. "तुझ्या करारात नोटीस आहे. मालकाने ती दिली नाही, तर तेवढ्या काळाचा पगार द्यायला हवा. गैरवर्तन असेल तरच तो सुटतो. आणि ते सिद्ध त्याने करायचं, तू नाही."

अकरा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मी तक्रार गुदरली.

सुनावणीला साहेब कोट घालून आले. अधिकारी पांढऱ्या झग्यातला शांत माणूस होता, पुढ्यात आल्याचा चहा. दुभाषी कोण, असा प्रश्न आला. बाहेरचा दुभाषी तासाचे पैसे घेतो हे कळल्यावर साहेब म्हणाले, "आपले परकार आहेत की!" मी विरोध करायला तोंड उघडलं, पण माझ्याही खिशात दुभाष्याचे पैसे नव्हते. परकारभाई आमच्या दोघांच्या मधोमध बसले आणि माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आम्हा दोघांनाही बाजारापुरतं अरबी येत होतं. बोलायला तोकडं, समजायला पुरेसं. तेव्हा परकारभाई काय सांगतात हे कळणार होतं, पण साहेबांचा माणूस माझ्या बाजूचं काय सांगणार, म्हणून मी मनातल्या मनात गाळ्यावर पाणी सोडलं.

साहेबांनी कंटेनर सांगितला. परवानगी नव्हती हे सांगितलं. "कंपनीची शिस्त मोडणारा, बेजबाबदार माणूस," ते म्हणाले. परकारभाईंनी ते चोख अरबीत उतरवलं, एक शब्द गळू दिला नाही.

अधिकाऱ्याने मला विचारलं, "तुझी वागणूक चांगली होती, याला काही पुरावा?"

माझ्याजवळ काय असणार? मी बॅग उघडली. आधी शाल बाहेर आली, मग नारळ, मग कॅसेट. नारळ टेबलावरून गडगडत चहाच्या कपापर्यंत गेला. अधिकाऱ्याने तो अलगद धरला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हाच तो गुन्हा?"

"त्यातलाच एक," मी म्हणालो.

शेजारच्या खोलीत टीव्ही आणि व्हीसीआर होता. दुपारी तिथे कचेरीतली मंडळी फुटबॉल बघायची. आम्ही सगळे तिकडे गेलो. कॅसेट लागली. पडद्यावर कमान दिसली, आणि मग साहेब. स्वतःला पडद्यावर बघताच साहेबांनी नकळत टाय सरळ केला.

"मित्रहो," पडद्यावरचे साहेब म्हणाले, "श्रीयुत धुरी हे आमच्या भोजनगृहाच्या पाठीचा कणा आहेत! कणा!"

अधिकाऱ्याने परकारभाईंकडे पाहिलं. परकारभाई अरबीत म्हणाले, "म्हणतात, हा माणूस कामावर येत होता."

साहेब खुर्चीत जरा हलले.

"वादळ सुटलं होतं, रस्ते वाहून गेले होते, आणि त्या प्रलयात हा माणूस चारशे जिवांचं अन्न खांद्यावरून घेऊन आला!" पडद्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

"म्हणतात, पीठ आणलं," परकारभाई म्हणाले.

साहेबांनी घसा खाकरला. "परकार, वादळ राहिलं."

"हो साहेब, सांगतो पुढे."

"अशी माणसं पगारावर मिळत नाहीत, मित्रहो, ती पूर्वपुण्याईवर मिळतात!"

"म्हणतात, पगार देत होतो."

"परकार!" साहेब उठून उभे राहिले. "अहो काय चाललंय काय? पूर्वपुण्याई कुठे गेली?"

"साहेब, ती अरबीत बसत नाय."

"बसवा! माणूस पगारावर मिळत नाही म्हणालो मी, आणि तुम्ही सांगताय पगार देत होतो? उलटा अर्थ! अहो, हे वाक्य मला आदल्या रात्री सुचलं, मी हिला उठवून ऐकवलं."

पडद्यावर तोवर भाषण शिगेला पोचलं होतं. "एक नारळ मागितला तर सगळा कंटेनर घेऊन येणारा हा आमचा मारुती! संजीवनी आणायला धाडला तर द्रोणागिरी उचलून आणणारा!"

परकारभाईंनी खांदे उडवले. "म्हणतात, नारळ आणले."

आता मात्र साहेबांच्याने राहवेना. त्यांनी परकारभाईंना हाताने बाजूला सारलं, टीव्हीसमोर उभे राहिले आणि बाजारातल्या अरबीत, हातवारे करत, अधिकाऱ्याला रामायण सांगू लागले. लक्ष्मण जमिनीवर झोपून दाखवला. मारुतीचं उड्डाण दाखवलं. शेवटी टेबलावरचा माझा नारळ उचलला, तळहातावर धरला आणि एक पाय मागे उचलून, कोटासकट, डोंगर घेऊन उडणारे मारुतीराय होऊन उभे राहिले. दारात कचेरीतली मंडळी जमली.

अधिकारी गोष्टीत रंगला होता. "पण त्याला एकच वनस्पती आणायला सांगितली होती ना?"

"हो!"

"मग अख्खा डोंगर आणायची परवानगी त्याने घेतली?"

"परवानगी?" साहेब उसळून म्हणाले. "तिकडे माणूस मरतोय, सूर्य उगवायला आलाय, परवानगी घेत बसायचं? जो वेळ ओळखतो तोच खरा सेवक!"

"म्हणजे सांगितल्यापेक्षा जास्त आणलं, ते बरोबर केलं?"

"शंभर टक्के बरोबर!"

अधिकाऱ्याने माझं पत्र उचलून साहेबांच्या समोर धरलं. साहेब पाय मागे उचललेल्या अवस्थेतच थांबले. मग हळूहळू पाय खाली आला.

"दोन्हीवर तुमचं नाव आहे," अधिकारी शांतपणे म्हणाला. परकारभाई आता प्रत्येक शब्द तोलून मराठीत सांगत होते. "पत्रातला माणूस आणि भाषणातला माणूस एकच आहे. त्यातलं एक खोटं आहे. कुठलं?"

साहेबांनी पत्राकडे पाहिलं, मग पडद्याकडे. 'समारंभात असं बोलायचंच असतं' एवढं जरी ते म्हणाले असते तरी माझा खटला तिथेच बसला असता. ते त्यांनाही कळलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मला गाळा आठवला नाही, पाटल्या आठवल्या नाहीत. या माणसाने भाषण खोटं म्हणू नये, एवढंच वाटत होतं. नाहीतर वादळातली ती पोतीही खोटी झाली असती.

साहेबांनी नारळ टेबलावर ठेवला. "पत्र टायपिस्टने लिहिलं," ते म्हणाले. "भाषण मी स्वतः केलं."

"मग नोटीस पगार द्या," अधिकारी म्हणाला, आणि त्याने नवा चहा मागवला.

आठवड्यात चेक मिळाला, सोबत गैरवर्तनाचा शब्द काढलेलं नवं पत्र. गाळा वाचला. सुनावणीच्या दिवशी कचेरीच्या पायऱ्यांवर साहेब मला म्हणाले होते, "धुरी, तू माझ्यावर केस केलीस? माझ्यावर?"

"साहेब, ती केस ऑफिसातली," मी म्हणालो. "आपलं वेगळं." आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. साहेबांचा चेहरा एकदम निवळला. त्यांनी भरभरून आशीर्वाद दिला. आशीर्वादात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही.

साहेब गाडीत बसून गेल्यावर मी परकारभाईंना गाठलं. मनातली मळमळ ओकूनच टाकली. "भाई, अकरा वर्षांची ओळख आपली, आणि माझ्या वेळेला तुमचं अरबी असं आटलं?"

परकारभाई माझ्याकडे बघतच राहिले. "अरे येड्या, मी जर सगळा बरोबर सांगितला असता तर तो बोलला असता, परकार मीठमसाला लावतो, मी असा बोललोच नाय. अन् मलाच कामावरून काढला असता. आता काय झाला? मी कमी सांगितला, त्याने सोताच्या तोंडाने सगळा भरून काढला. बोलणाऱ्या माणसाचा भाषण कापून बघ, तो जीव देईल पण वाक्य देणार नाय."

मला त्या पायरीवरच बसावं लागलं. मग त्यांचे हात धरून मी इतका हसलो की पहारेकरी बघायला आला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण माझं विमान पुढच्या आठवड्यात होतं, आणि मध्ये साहेबांचा फोन आला.

"धुरी, शुक्रवारी मोकळा आहेस ना? शिरीषचा निरोप समारंभ आहे."

"भाच्याचा? अजून तर त्याला दोन महिनेही झाले नाहीत!"

"काढला त्याला. मूर्ख आहे." साहेबांचा आवाज चढला. झालं असं होतं की माझं पत्र शिरीषने वाचलं आणि मनावर घेतलं. परवानगीशिवाय तो काडेपेटीही आणेना. मीठ संपलं तेव्हा साहेब दोन दिवस परगावी होते आणि फोन लागत नव्हता. शिरीष परवानगीची वाट बघत बसला आणि चारशे माणसं दोन दिवस अळणी जेवली. तिसऱ्या दिवशी ती माणसं ताटं घेऊन थेट साहेबांच्या दारात येऊन बसली.

"तू दोन शब्द बोल," साहेब म्हणाले. "मी या खेपेला बोलणार नाही. आणि हे बघ, फार कौतुक करू नकोस. करारात त्यालाही नोटीस आहे."

शुक्रवारी मी गेलो. शिरीष, पंचविशीचा लुकडा मुलगा, पडेल तोंडाने शाल घेऊन बसला होता. पुण्यात त्याच्या बापाने भावकीत पेढे वाटले होते. आता हात हलवत कसं परतायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. सहा आठवड्यांपूर्वी मी त्याच खुर्चीत बसलो होतो. परकारभाई कोपऱ्यात होते. "कॅमेरा आणू नका म्हणालेत साहेब," ते म्हणाले, आणि टेबलाखालून कॅमेरा काढला.

मी माइक हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच. म्हटलं, "मित्रहो, मालकाच्या शब्दाबाहेर जाऊन मिठाचा खडासुद्धा न आणणारा माणूस आजच्या काळात कुठे मिळतो?" टाळ्या पडल्या. मग मी आज्ञाधारकपणावर बोललो. भरतावर आणि रामाच्या पादुकांवर आलो. लोक डोळे पुसायला लागले. मी साहेबांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या कडेला आले होते, ओठ हलत होते, हातांच्या मुठी वळत होत्या. अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याचं भाषण रंगत होतं. मी मुद्दामच भरताचं एक वाक्य अर्धवट सोडलं आणि विसरल्यासारखं केलं.

साहेब ताडकन उठले. "अरे, असं नाही, असं नाही! दे इकडे!" म्हणत त्यांनी माइक माझ्या हातातून घेतला.

"मित्रहो," साहेब म्हणाले, आणि त्यांचा दमा पळाला.

परकारभाईंनी कॅमेरा वळवला. मी जाऊन शिरीषच्या शेजारी बसलो. मामाच्या तोंडून स्वतःचे गुण ऐकून तो बिचारा हुंदके देत होता आणि शालीने तोंड लपवत होता. मी शाल जरा बाजूला केली.

"रड रे," मी त्याच्या कानात म्हटलं, "बिनधास्त रड. कॅमेरा चालू आहे."